कापडचोपड : घामाच्या दिवसातला मीटिंगचा शर्ट

प्रश्न (जालना) : काका नमस्कार. मी इथल्या एका बियाणे कंपनीत मार्केटिंगला आहे. जुलैमध्ये आधी मनिला आणि मग जकार्ता असं दहा दिवस डीलरांच्या मीटिंगला जायलोय. साहेब म्हणायलेत सूट पाहिजे. माझ्याकडं लग्नातला एक सूट आहे, मागच्या पावसाळ्यात तो घालून मुंबईला गेलो तर लिफ्टपर्यंत पोचेस्तोवर आतला शर्ट पिळून काढावा असा झाला. आपण ४३ डिग्रीत शेतात प्लॉट बघत फिरणारी माणसं, तिथं तर ३२ पण नव्हतं, मग असं का होतं? आणि मनिलाचा डीलर म्हणतो सूट नको, 'बारोंग' घाला. ते काय असतंय, आपण घातलं तर हसतील का?

उत्तर : दादा, तुमच्या घरचा कूलर आठवा. मे महिन्यात वाळ्याच्या ताट्या लावून पाणी सोडलं की खोली गार, गोधडी घ्यावी लागते. आणि मृगाचा पहिला पाऊस पडला की तोच कूलर चिकट वाफ फेकतो, मग आपण पाण्याची मोटार बंद करून नुसता पंखा चालवतो. तुमचं अंग म्हणजे तो कूलर. जालन्याच्या मेमध्ये घाम आला की लगेच उडतो, उडताना अंग गार करतो, तुम्हाला घाम आलाय हे कळत पण नाही. मुंबई, मनिला, जकार्ता इथं हवाच आधीची ओली, घाम उडायला जागाच नाही, तो नुसता वाहतो. म्हणून आपल्याकडं उन्हात अंग झाकणारं जाड सुती कापड चालतं, तिथं मात्र कापडातून वारा आरपार गेला पाहिजे, बाकी सगळं नंतर.

आता लग्नातला सूट. तो बहुतेक पॉलिएस्टर मिक्स असणार आणि आतून चकचकीत अस्तर, ते पण पॉलिएस्टर, आणि छातीत चिकटवलेलं बकरम, म्हणजे आकार धरायला घालतात ते कडक कापड. म्हणजे वारा यायला तीन भिंती. सुती धागा हवेतलीच ओल वजनाच्या साधारण साडेआठ टक्के धरतो, लिनन बारा टक्के, पॉलिएस्टर अर्धा टक्का पण नाही. म्हणून पॉलिएस्टरच्या आत घाम अंगावरच राहतो.

पण कापड सुती असलं म्हणजे झालं असं पण नाही, ह्यात मी स्वतः फसलेलो आहे. एकदा जूनमध्ये देवगिरीनं रात्री निघून सकाळी दादरला उतरलो, एका मोठ्या व्यापाऱ्याकडं काम होतं म्हणून आपल्या पुढाऱ्यांसारखा पांढरा खादीचा सदरा, कडक कांजी, इस्त्रीची धार अशी की पपई कापावी. टॅक्सीतनं उतरेपर्यंत कांजीची पुन्हा कांजी झाली हो! पाठीवर पेज सांडल्यासारखं, कॉलर लोळलेली, बाह्या दंडाला चिकटलेल्या. कांजी कापडाची भोकंच बुजवते, वारा येणार कुठून. त्या व्यापाऱ्यानं काही न बोलता पंखा माझ्याकडं वळवला, तेवढं लक्षात राहिलं. दमट गावाला जाताना कांजी नको, हे तेव्हापासून पक्कं.

बारोंग म्हणजे फिलिपिन्सचा औपचारिक शर्ट. लांब बाह्या, झिरझिरीत, पुढं छातीवर भरतकाम, आत पांढरा बनियन, आणि शर्ट पँटीच्या बाहेर सोडायचा, इन अजिबात करायची नाही. भारीतला असला तर कापड अननसाच्या पानांच्या धाग्याचं असतं, आकलान प्रांतात कालिबोला ते हातमागावर विणतात, २०२३ला युनेस्कोनं त्या विणकामाची नोंद घेतली. आणि ही काही नाटकातली ड्रेपरी नाही बरं का. १९५३च्या डिसेंबरमध्ये रामोन मॅगसेसे राष्ट्राध्यक्ष झाले तेव्हा त्यांनी शपथच बारोंग घालून घेतली. हे तेच मॅगसेसे, ज्यांच्या नावाचा पुरस्कार १९५८ला आपल्या विनोबांना मिळाला, आणि विनोबांच्या अंगावर कपडा किती असायचा ते तुम्हाला माहीतच आहे. त्यामुळं कुणी हसणार नाही, उलट डीलर खूश होईल. फक्त तिथं गेल्यावर त्यालाच सोबत घेऊन घ्या, इथनं फोटो बघून शिवायच्या फंदात पडू नका, झिरझिरीत कापड आपल्या टेलरच्या हातात सुरकुततं.

जकार्तात बाटिक. मेणानं नक्षी झाकून रंगवलेला सुती शर्ट, तो पण बाहेर सोडलेला. तिथं ऑफिसात, लग्नात, सरकारी कार्यक्रमात चालतो, २ ऑक्टोबरला तर बाटिकचा दिवसच असतो, आपल्या गांधी जयंतीलाच. मोठ्या मीटिंगला फुल बाह्यांचा घ्या, हाफ जरा रोजच्या कामाचा दिसतो. माझ्या मते बाटिकचा खरा फायदा वेगळाच आहे, त्या गिचमिड नक्षीत घामाचे डाग दिसतच नाहीत. तुमचा आकाशी शर्ट आणि करडा शर्ट मात्र घरीच ठेवा, काखेतला नकाशा सगळ्यात जास्त त्या दोन रंगांवर उमटतो. पांढरा किंवा गडद निळा न्या.

साहेबांना काय सांगायचं? त्यांना सांगा की जपानसारख्या टापटिपीच्या देशात सरकारनंच २००५ला सांगितलं की उन्हाळ्यात एसी २८वर ठेवा आणि टाय-कोट काढा, 'कूल बिझ' म्हणतात त्याला. तरी ऐकेनात तर कोट न्या पण दुसरा, पाठीला अस्तर नसलेला, विरळ विणीचा. सीअरसकर नावाचं कापड मिळालं तर उत्तमच. नाव इंग्रजी वाटतं पण मूळ फारशी, शीर-ओ-शक्कर, म्हणजे दूध आणि साखर. ईदला शीरखुर्मा खातो ना आपण, त्यातलाच शीर. एक पट्टी दुधासारखी गुळगुळीत, एक साखरेसारखी खरबरीत, विणतानाच काही धागे सैल ठेवतात म्हणून ते चुणतं, आणि चुण्यांमुळं कापड अंगाला चिकटत नाही. इस्त्री पण लागत नाही, बॅगेतनं काढून घाला.

प्रश्न (परभणी) : मी विमा एजंट, दिवसभर मोटारसायकलवर. जून ते सप्टेंबर नुसती चिकचिक. बनियन घालावा का नको? आणि शर्ट टेलरकडं टाकताना काय सांगावं?

उत्तर : भाऊ, बनियन घाला पण सँडो नको, त्याला काखच नाही, मग उपयोग काय. पातळ सुती, हाफ बाह्यांचा घ्या आणि दुपारी बदलायला एक पिशवीत ठेवा, शर्ट तोच राहिला तरी चालतो.

टेलरला सांगा मुंढा, म्हणजे खांद्याला बाही जोडतात तो घेर, थोडा मोकळा, पाठीला मध्ये एक चुण, आणि खालची कड सरळ ठेवून बाजूला काप द्या म्हणजे इन न करता पण नीट दिसतो. कापड नांदेडच्या मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीचं बघा, राष्ट्रध्वजाची खादी करणारी संस्था आहे ती, शर्टाला मात्र पातळातली मागा. पन्हा ३६ इंची असला तर फुल शर्टाला अडीच मीटर धरा, आणि शिवायच्या आधी रात्रभर पाण्यात बुडवा. नाहीतर पहिल्या धुण्यात बाह्या मनगट सोडतात आणि शिव्या टेलरला बसतात.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर) : परदेशी पाहुण्यांसमोर आपलं काही घालावं म्हणून हिमरूचं जाकीट शिवावं म्हणतो. ऑगस्टमध्ये ऑडिट आहे.

उत्तर : कल्पना झकास, महिना चुकला. हिमरूत सूत आणि रेशीम दोन्ही, आणि नक्षीचे जादा धागे मागच्या बाजूला लोंबतात, त्यामुळं ते दुहेरी कापडासारखं गरम होतं. डिसेंबरात घाला, चारचौघात उठून दिसाल. ऑगस्टला पांढरा बंद गळ्याचा सुती शर्ट आणि वरच्या खिशात हिमरूची छोटी दस्ती, पाहुणे विचारतीलच, मग तुघलकाबरोबर विणकर दौलताबादला आले म्हणतात, ती गोष्ट सांगा.

प्रश्न (लातूर) : आमचे हे अजून टेरिकॉटच घालतात, म्हणतात चुरगळत नाही. ऑफिसातनं आले की शर्ट बाहेर दोरीवर टाकायला लावते मी. काय करू?

उत्तर : ताई, चुरगळत नाही हे खरंच आहे, त्यांची चूक तेवढी नाही. पण टेरिकॉटमध्ये बहुधा तीनातले दोन वाटे पॉलिएस्टर असतं आणि घामाचा वास त्यात बसून राहतो, धुतला तरी इस्त्री फिरली की परत येतो. भांडू नका. एक लिननमिश्रित सुती शर्ट आणा, त्यांचा आवडता रंग बघून, आणि एखाद्या शनिवारी टेरिकॉट धुवायला टाकून तोच समोर ठेवा.