अमेरिकेत विद्यार्थ्यांचं कर्ज माफ करणं, हा ज्यांनी ते फेडलं त्यांच्यावर अन्याय नाही का?

सरसकट माफी असेल तर होय, अन्याय आहेच. पोटाला चिमटा काढून ज्याने हप्ते भरले, किंवा कर्ज नको म्हणून स्वस्तातलं कॉलेज निवडलं, त्याचा राग मला रास्त वाटतो. बायडेन यांनी 2022 मध्ये 10,000 डॉलरपर्यंत (पेल ग्रँट, म्हणजे गरजू विद्यार्थ्यांना मिळणारी सरकारी शिष्यवृत्ती, मिळालेल्यांना 20,000) माफी जाहीर केली. जून 2023 मध्ये सुप्रीम कोर्टाने ती रद्द केली. त्या माफीत पुढच्या वर्षी कर्ज काढणाऱ्या मुलांना काहीच नव्हतं, कॉलेजची फीही कमी होणार नव्हती. माझा मुख्य आक्षेप तोच.

पण "घेतलंत ना, मग फेडा" म्हणून विषय संपवणाऱ्यांनी एकदा हिशोब मांडून बघावा. 30,000 डॉलर, 6 टक्के दर, म्हणजे महिन्याला 150 डॉलर नुसतं व्याज. पगाराच्या प्रमाणात हप्ता 100 डॉलर बसला, तर दहा वर्षं एकही हप्ता न चुकवता 12,000 भरूनही देणं 36,000 वर जातं. या माणसाला बेजबाबदार कसं म्हणायचं? शिवाय क्रेडिट कार्डाची थकबाकी दिवाळखोरीत सुटू शकते, हे कर्ज सहजासहजी सुटत नाही. आणि सही करताना मूल जेमतेम अठरा वर्षांचं असतं हो!

सरकारी किंवा ना-नफा संस्थेत नोकरी करत 120 हप्ते भरले की उरलेलं माफ, ही 2007 ची योजना मला न्याय्य वाटते. तिथे अट आधीच ठरलेली असते, आणि शिक्षिका किंवा नर्स दहा वर्षं काम करून मगच माफी मागते.