रात्रीचा फोन आणि उशाशी ठेवलेली वही

अमेरिकेत डॅलसजवळ राहणाऱ्या, मूळच्या परभणी जिल्ह्यातील एका भगिनींनी विचारले आहे की, रोजचा ताण हलका व्हावा म्हणून डायरी लिहिण्याचा सल्ला त्यांना अनेकांनी दिला, त्यांनी ती लिहायलाही घेतली, परंतु लिहून झाल्यावर मन शांत होण्याऐवजी अधिकच ढवळून निघते आणि झोप लागत नाही. तेव्हा लिहिणे चालू ठेवावे की सोडून द्यावे? नोकरी, दोन शाळकरी मुले, पतीच्या व्हिसाची मुदत, गावी एकट्या राहणाऱ्या सासूबाई आणि बोअर घेण्यावरून धाकट्या दिरांशी झालेला वाद, हे सगळे त्यांच्या पत्रात एकाच परिच्छेदात आले आहे.

भगिनी, लिहिणे सोडू नका, मात्र केव्हा आणि काय लिहायचे हे बदला.

परदेशी राहणाऱ्या आपल्या माणसांचा ताण दोन ठिकाणचा असतो आणि तो एकाच वेळी अंगावर येतो. परभणीत सकाळचे सात वाजतात, तेव्हा तुमच्याकडे उन्हाळ्यात आदल्या रात्रीचे साडेआठ वाजलेले असतात. गावाकडच्या माणसांना सवडीने बोलण्याची ती वेळ, आणि तुमची मुलांना झोपवण्याची. म्हणजे दिवसभराचे ऑफिस डोक्यात असतानाच गावाकडचा दिवस तुमच्या घरात सुरू होतो. त्यातून आपला मराठवाडा असा की, शेतीच्या बातमीला उसंत नसते. जूनमध्ये पेरणी साधली की ऑगस्टमध्ये पावसाचा खंड पडतो, आणि सोयाबीन काढणीला आले की पाऊस थांबत नाही. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच मराठवाड्यात अतिवृष्टीने उभी पिके पाण्याखाली गेली. अशा प्रत्येक वेळी हजारो मैलांवर बसलेल्या मुलाला किंवा सुनेला करता येण्यासारखे फार थोडे असते, आणि तरीही काळजी मात्र पूर्ण वाट्याला येते. ही काळजी आणि ऑफिसातल्या बैठकीची काळजी मनात एकमेकींत मिसळतात, तेव्हा दोन्हींपैकी कशाचेच काही करता येत नाही. वहीचा खरा उपयोग या दोन काळज्या वेगळ्या करण्यासाठी आहे.

आता तुमच्या झोपेविषयी. योगायोग असा की, मनातले लिहिण्याचा आरोग्यावर काय परिणाम होतो, याचा पहिला गाजलेला प्रयोग तुमच्याच शहरात झाला. डॅलसमधील सदर्न मेथडिस्ट विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटे लिहायला सांगितले, आणि १९८६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. काहींनी आयुष्यातल्या दुखऱ्या प्रसंगाची फक्त हकीकत लिहिली, काहींनी फक्त भावना लिहिल्या, काहींनी दोन्ही लिहिले, तर काहींना किरकोळ विषय दिले होते. ज्यांनी प्रसंग आणि भावना दोन्ही लिहिले, त्यांना पुढच्या सहा महिन्यांत विद्यापीठाच्या आरोग्य केंद्रात कमी वेळा जावे लागले. परंतु लिहून झाल्या झाल्या याच विद्यार्थ्यांचे मन अधिक खिन्न झालेले होते आणि रक्तदाबही वाढलेला होता. म्हणजे तुमचा अनुभव वेगळा नाही. मनातली सल उकलणारे लेखन त्या क्षणी त्रास देतेच, त्याचा फायदा मागाहून होतो. असे लेखन रात्री साडेदहाला, उशीला टेकून करणे हेच मुळात चुकीच्या वेळी आहे. ते शनिवारी सकाळी करा, किंवा मुले पोहायला गेलेली असताना गाडीत बसून करा. पंधरा-वीस मिनिटांच्या वर नको, आणि त्यानंतर लगेच फोन उचलायचा नाही, थोडे चालून यायचे.

रात्रीसाठी वेगळे लेखन आहे आणि ते फार थोडे आहे. तुमच्या टेक्सासातल्याच बेलर विद्यापीठात मायकल स्कलिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ५७ तरुणांना झोपेच्या प्रयोगशाळेत एक रात्र ठेवले आणि झोपण्यापूर्वी पाच मिनिटे लिहायला सांगितले. निम्म्यांनी पुढच्या दिवसांत करायची कामे लिहिली, निम्म्यांनी उरकलेली कामे लिहिली. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, पुढची कामे लिहिणाऱ्यांना सरासरी नऊ मिनिटे लवकर झोप लागली, आणि ज्यांची यादी जितकी नेमकी, तितकी त्यांची झोप लवकर. अभ्यास लहान आहे, तरीही त्यातली युक्ती करून पाहण्यासारखी आहे, कारण तिला खर्च पाच मिनिटांचा. ‘सासूबाईंचे बघायचे’ असे लिहून मनाला विसावा मिळत नाही. ‘मंगळवारी रात्री फोन लागला की रक्तदाबाच्या गोळ्या किती दिवसांच्या उरल्या ते विचारायचे, आणि औषध दुकानाचे पैसे परस्पर पाठवायचे’ असे लिहिले की ते काम वहीच्या स्वाधीन होते.

जालना किंवा लातूरच्या बाजारपेठेत, आडत दुकानाच्या गादीवर ज्यांचे लहानपण गेले, त्यांना रोजकीर्द आणि खतावणी यांतला फरक सांगावा लागणार नाही. रोजकीर्दीत दिवसाचे व्यवहार जसे घडले तसे, तारखेनिशी उतरवले जातात. खतावणीत तेच व्यवहार खातेवार लावले जातात, आणि कोणाकडे किती येणे आहे हे तेव्हाच उमगते. आपल्यापैकी बहुतेक जण डायरी लिहितात ती नुसती रोजकीर्द असते. तेच ते गाऱ्हाणे वेगवेगळ्या तारखांना पडत राहते आणि पानागणिक जड होत जाते. आठवड्यातून एकदा खतावणी करा. आठवड्यात जे लिहिले ते वाचा आणि तीन खात्यांत वाटा: इथे माझ्या हातात असलेले, गावाकडे कोणाशी तरी बोलून सुटणारे, आणि दोन्हीकडून हातात नसलेले.

तुमच्या पत्रातला बोअरचा वाद घ्या. तुम्ही लिहिता की दिरांनी न विचारता बोअर घेतले, पाणी लागले नाही आणि पैसे गेले. पैसे गेले ते तिसऱ्या खात्यात जाईल, कारण मराठवाड्याच्या कातळात खोलवर जाऊनही कोरडी गेलेली बोअर काही पहिली नाही आणि ते पैसे परत येणार नाहीत. ‘न विचारता’ हे मात्र दुसऱ्या खात्यातले आहे. तुमची वही चाळून पाहिलीत, तर पैशांविषयी कमी आणि न विचारण्याविषयी अधिक लिहिलेले सापडेल, असे पत्रावरून मला वाटते. तसे असेल, तर पुढच्या फोनवर हिशेब मागण्याऐवजी, यापुढे मोठा खर्च करण्यापूर्वी दोघा भावांनी एकदा बोलावे, एवढेच पतीकरवी सांगता येईल. व्हिसाच्या मुदतीचेही असेच करा. सरकारी निर्णय तिसऱ्या खात्यात, कागदपत्रांची फाइल आणि वकिलाला विचारायचे प्रश्न पहिल्या खात्यात.

पेनेबेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे अनेकांचे असे लेखन तपासले, तेव्हा ज्यांच्या लिहिण्यात दिवसागणिक ‘कारण’, ‘म्हणून’, ‘आता लक्षात येते’ अशा शब्दांची वाढ होत गेली, त्यांना अधिक लाभ झालेला दिसला. खतावणीने नेमके हेच साधते. ज्या घरात नोकरी गेली आहे त्यांच्यासाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो: कामावरून कमी केलेल्या अभियंत्यांवर १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, नोकरी जाण्याविषयी मोकळेपणाने लिहिणाऱ्यांना न लिहिणाऱ्यांपेक्षा लवकर नवी नोकरी मिळाली. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्यांना नोकरी गेल्यावर जास्तीत जास्त साठ दिवसांची सवलत मिळते, तेव्हा अर्जांच्या धावपळीत रोज वीस मिनिटे लिहिण्यास देणे अवघड वाटेल. तरीही ती द्यावीत, कारण राग मनात घेऊन मुलाखतीला बसलेला माणूस समोरच्याला कळतो.

वही कागदाचीच बरी. कंपनीच्या लॅपटॉपवर मनातले कधीही लिहू नका, तिथले लेखन कंपनीला पाहता येऊ शकते. सासूबाई किंवा आईवडील सहा महिन्यांसाठी राहायला आलेले असताना वही कुठे ठेवायची हे आधी ठरवा, आणि पती-पत्नींनी एकमेकांच्या वहीला हात लावायचा नाही हे मुलांच्या देखत ठरवा, म्हणजे तीच मुभा मुलांनाही आपोआप मिळते. वाद ज्या बोलीत झाला त्याच बोलीत लिहा. शुद्धलेखनाकडे पाहू नका.

लिहिण्याने सर्वांना सारखाच गुण येतो असे नाही, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. शंभराहून अधिक अभ्यासांचा एकत्रित विचार केला तर लाभ दिसतो, पण तो माफक आहे. जोडीदारापासून नुकत्याच विभक्त झालेल्या व्यक्तींवरच्या २०१३ मधील एका अभ्यासात, ज्यांचा स्वभाव एकच गोष्ट पुन्हा पुन्हा उगाळण्याचा होता, त्यांना भावनांविषयी लिहिण्याने उलट सावरायला उशीर लागला. तीन-चार दिवस तोच परिच्छेद त्याच शब्दांत उतरत असेल, तर तो विषय बाजूला ठेवून फक्त रात्रीची कामांची यादी चालू ठेवा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरातल्या भूकंपात घरातली माणसे गमावलेली, तेव्हा लहान असलेली पिढी आज चाळिशीच्या आसपास आहे आणि तिच्यातलेही कोणी परदेशात असतील. एवढे खोल दुःख एकट्याने वहीत उकरू नये, ते प्रशिक्षित समुपदेशकासमोर बोलावे.

दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप किंवा भूक उडाली असेल, कामात लक्ष लागत नसेल, तर डॉक्टरांना भेटा. जगणे नकोसे वाटत असेल तर वाट पाहू नका. अमेरिकेत ९८८ या क्रमांकावर दिवसरात्र मदत मिळते. तुमच्या पत्रात सासूबाई हल्ली फोनवर फारशा बोलत नाहीत, असे एक वाक्य जाता जाता आले आहे. ते मला बोअरच्या वादापेक्षा महत्त्वाचे वाटते. भारतात १४४१६ हा टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा विनामूल्य क्रमांक चोवीस तास चालतो आणि तिथे मराठीत बोलता येते. हा क्रमांक दिरांना आणि जाऊबाईंना आजच कळवा, आणि पुढच्या फोनवर सासूबाईंना शेतीचे नव्हे, त्यांच्या झोपेचे आणि जेवणाचे विचारा.