दर टाकण्याआधी

मित्रा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. एका पानात ‘रेट’ हा शब्द नऊ वेळा आलाय आणि ‘डेटम’, म्हणजे सगळी मापं जिथून धरायची तो आधार, एकदाही नाही. गिअर हाउसिंगचं, गिअरच्या ओतीव पेटीचं, ड्रॉइंग आलंय, परचेसवाल्यांनी टार्गेट प्राइस सांगितलीय, शुक्रवारपर्यंत कोटेशन हवंय. आकडा पाडून आत शिरावं की खरा टाकून काम घालवावं, या घोळात तू अडकलायस. पण त्या ड्रॉइंगबद्दल कंपनीच्या डिझाइनवाल्यांना तू अजून एकही प्रश्न विचारलेला नाहीस. विचारल्याशिवाय दर द्यायचा नाही. मला एवढंच सांगायचंय, आणि तुला पटेपर्यंत सांगणार आहे.

बेअरिंग बसायची दोन गोल भोकं, म्हणजे बोअर, बघ. 72 एच 7, म्हणजे व्यास 72.000 ते 72.030 मिलिमीटर. तीस मायक्रॉन, मिलिमीटरचे तीस हजारांश. तुझ्या व्हीएमसीवर, त्या उभ्या स्पिंडलच्या सीएनसी मशीनवर, ते सहज निघतील असं तू गृहीत धरलंयस. बोअरभोवतीची भिंत किती आहे ते पाहिलंस का? सहा मिलिमीटर. चार क्लॅम्प करकचून आवळून बोअर मारलास, तर मशीनवर डायल अगदी गोल दाखवेल. क्लॅम्प सोडलास की दबलेली भिंत मूळ जागी जाते आणि बोअर अंडाकार होतो. बोअर गेज एका दिशेने 72.006 दाखवेल आणि काटकोनात फिरवला की 72.037. ऑपरेटरची चूक काही नाही, तरी जॉब भंगारात. त्यावर उपाय असा: व्यासावर अर्धा मिलिमीटर ठेवून रफ मारायचा, क्लॅम्प पूर्ण सोडायचे, जॉबला मोकळं होऊ द्यायचं, मग टॉर्क रेंच लावून हलक्या दाबाने पुन्हा धरायचं आणि फिनिश कट घ्यायचा. म्हणजे एक हाताळणी वाढली, सायकल टाइम वाढला. हा वेळ तुझ्या रेटमध्ये आहे का?

त्याहून महत्त्वाचं म्हणजे डिझाइनवाल्याला विचार, की क्लॅम्पखाली बाहेरून चार बॉस, म्हणजे जाड उंचवटे, देता येतील का. दाब भिंतीवर न येता जाड भागावर येईल. साचा पाडायचा नमुना, म्हणजे पॅटर्न, बनायच्या आधी विचारलंस तर ते एका दुपारचं काम आहे. पॅटर्न बनल्यावर विचारलंस तर ड्रॉइंगचं रिव्हिजन, पॅटर्नची दुरुस्ती, नव्याने मंजुरी, आणि मग कोणी ऐकत नाही. म्हणून म्हणतो, विचारल्याशिवाय दर देऊ नकोस.

आता डेटम. ड्रॉइंगवर डेटम ‘ए’ हा खालचा फेस आहे. तो मशीन झालेला फेस. मग पहिल्या सेटअपला जॉब कशावर बसवणार? कच्च्या कास्टिंगवरच ना? तिथे तीन-दोन-एक असे सहा टेकू ठरवावे लागतात: खाली तीन, बाजूला दोन, टोकाला एक. हे सहाही पॉइंट साच्याच्या एकाच पेटीत यायला हवेत. दोन पेट्या जुळतात त्या पार्टिंग लाइनवर नकोत, आणि जिथे गेट किंवा रायझर (धातू ओतायच्या वाटेचा उरलेला तुकडा) हँड ग्राइंडरने घासलाय तिथे तर मुळीच नकोत, कारण तिथली उंची प्रत्येक नगाला वेगळी असते. फाउंड्री ज्या पॉइंटवर कास्टिंग तपासते, तेच तुझ्या जॉब धरायच्या फिक्स्चरला आणि तेच कंपनीच्या लेआउट तपासणीला. तिघांचे पॉइंट वेगळे असले की एका बाजूला भिंत आठची आणि दुसरीकडे चारची निघते. मग फाउंड्री म्हणते मशीनिंग चुकलं, तू म्हणतोस साच्यातला पोकळीचा गाभा, कोअर, हलला, आणि दोघांकडेही पुरावा नसतो. फाउंड्री आहे ती शिरोली तुझ्या शॉपपासून अर्ध्या तासावर आहे. जा, पॅटर्नशेजारी उभा राहा, खडूने ते सहा पॉइंट मार. फोनवर हे ठरत नाही, लेका.

बारीकसारीक गोष्टींवर फार लिहीत नाही. एम 8 चा (8 मिलिमीटर बोल्टचा) ब्लाइंड होल, म्हणजे आरपार न जाणारं भोक, आहे आणि पूर्ण आटे तळापर्यंत मागितलेत. आटे पाडणाऱ्या टॅपच्या टोकाचे दोन-तीन आटे अर्धवटच निघतात, पिच 1.25, म्हणजे ड्रिल निदान चार-पाच मिलिमीटर जास्त खोल हवं. खाली तेवढी जाडी आहे का, विचार. 40 खोल खिशाच्या कोपऱ्याला आर 1, म्हणजे 1 मिलिमीटर त्रिज्येची गोलाई, दिलाय, तिथे आर 4 चालेल का, विचार. बहुतेक वेळा चालतो. कोणी तरी जुन्या ड्रॉइंगवरून उचललेला असतो.

मापाची गोष्ट मात्र सोडू नकोस. दोन बोअरमधलं अंतर 240 आहे, अधिक-उणे 30 मायक्रॉन. चैत्रातल्या दुपारी तुझ्या पत्र्याच्या शेडमध्ये 35 डिग्री असतं, कंपनीचं मापं घेणारं मशीन, सीएमएम, 20 डिग्रीच्या खोलीत. बीड, म्हणजे कास्ट आयर्न, दर मीटरला, दर डिग्रीला सुमारे 11 मायक्रॉन वाढतं. 240 ला 15 डिग्रीचा फरक म्हणजे जवळजवळ 40 मायक्रॉन. टॉलरन्स तिथेच संपला. स्टील आणि बीड जवळपास सारखंच वाढतं, म्हणून स्टीलचा मास्टर (पक्क्या मापाचा नमुना) आणि जॉब एकाच टेबलावर रात्रभर ठेव आणि सकाळी माप घे. शिवाय सँपलच्या आधी पाच जॉब नंबर पंच करून दोन्हीकडे मोजायचे, हे कंपनीशी ठरव. आकडे जुळले नाहीत तर आधी मोजणी सुधारायची, मशीनला हात लावायचा नाही.

आणि ब्लोहोल, म्हणजे कास्टिंगच्या आत अडकलेल्या वायूची पोकळी. शेवटच्या ऑपरेशनला पोकळी उघडी पडली तर फाउंड्री कास्टिंग बदलून देईल. तुझ्या चार सेटअपची मजुरी कोण देणार? पीओच्या, खरेदी ऑर्डरच्या, आधी हे लेखी हवं. साच्यात वरच्या बाजूला आलेला फेस पहिल्याच ऑपरेशनला मार. दोष तिथेच जास्त असतात, लवकर दिसला तर नुकसान एका सेटअपचं. पैशाचंही तसंच. लघुउद्योगाची सरकारी उद्यम नोंदणी करून ठेव. 2006 च्या एमएसएमई कायद्यात लेखी करार असला तरी पैसे द्यायला 45 दिवसांपलीकडे मुदत नाही. हे कोटेशनवरच छाप, नंतर आठवण करून देताना जीभ जड होते.

मला या एमआयडीसीत किरकिऱ्या म्हणतात, ते तुझ्याही कानावर आलं असेल. म्हणू दे. कंपनीला प्रश्न विचारले की ती दुसरीकडे जाईल, ही भीती मीही पुष्कळ वर्षं बाळगली, आणि तेव्हा गिळलेले प्रश्न आजही मला बोचतात. विचारलेल्या प्रश्नाची खंत एकही नाही. कदाचित म्हणूनच हे एवढं ताणून सांगतोय. पण माझं चुकतंय असं मला वाटत नाही. ड्रॉइंग काढणाऱ्याला तुझ्या क्लॅम्पचा दाब दिसत नाही, तुला त्याची असेंब्ली दिसत नाही. हा बोअर नेमकं काय धरतो, या दोन होलमध्ये जागा पक्की करणारी पिन, डॉवेल, जातो की नुसता बोल्ट, हे तो सांगेल तेव्हाच कुठे मायक्रॉनसाठी झगडायचं आणि कुठे हात सैल सोडायचा ते तुला कळेल. टार्गेट प्राइस तिथूनच गाठता येते. तुझा नफा कापून गाठलीस तर तिसऱ्या लॉटला तूच इन्सर्ट, म्हणजे टूलची कापणारी पाती, वाचवायला लागशील.

शुक्रवारी कोटेशन पाठवू नकोस, प्रश्नांची यादी पाठव. त्याआधी बुधवारी संध्याकाळी माझ्याकडे ये. ड्रॉइंगची ए 3 प्रिंट आण, ज्या मापाचं कारण तुला माहीत नाही त्याभोवती लाल पेनाने गोल कर. याच घराण्यातलं जुनं कच्चं कास्टिंग फाउंड्रीतून मिळालं तर तेही गाडीत टाक. आणि खडू विसरू नकोस.