‘रूपक’ की ‘अन्योक्ती’?

अठराव्या शतकातील युरोपीय मुद्राचित्रांत (कोरलेल्या ठशावरून छापलेल्या चित्रांत) संगीतावर जी खेळकर ‘अ‍ॅलेगरी’, म्हणजे एक दाखवून दुसरे सुचवण्याची रीत, दिसते, तिच्या मराठी चित्रओळीत ‘रूपक’ लिहावे की ‘अन्योक्ती’, असे आपण विचारले आहे. माझ्या मते सरसकट एकच शब्द चालणार नाही. चित्र पाहूनच तो ठरवावा लागेल.

फ्रेंच चित्रकार फ्रान्स्वा बूशे यांच्या रेखाटनांवरून पॅरिसमध्ये कोरलेल्या चित्रांत गुटगुटीत बालके वाद्ये आणि स्वरलिपीची पाने घेऊन बागडतात. संगीत या अमूर्त कलेलाच तेथे देह मिळालेला असल्याने ‘रूपकचित्र’ हा शब्द चपखल बसतो. अलंकारशास्त्रातले ‘रूपक’ मात्र याहून आटोपशीर असते. ‘चरणकमल’ म्हणताना उपमेय व उपमान यांत अभेद मानला की त्याचे काम संपते. हाच अभेद सबंध कथेवर पसरला की तिला ‘रूपककथा’ म्हणण्याचा प्रघात खांडेकरांच्या लेखनामुळे आपल्याकडे चांगलाच रुजलेला आहे, आणि ‘रूपकचित्र’ त्याच वळणाचे आहे.

चित्रकार जोसेफ गूपी यांचे १७५४ चे चित्र वेगळ्या जातीचे आहे. त्यात मद्याच्या पिंपावर बसून, रानडुकराचे तोंड असलेला एक गलेलठ्ठ गृहस्थ ऑर्गन वाजवतो आहे आणि वाद्यालाच खाण्याचे पदार्थ लटकलेले आहेत. दिसते डुक्कर, पण रोख संगीतकार हँडेल यांच्यावर आहे. पाहुण्याला साधे जेवण वाढून ते स्वतः शेजारच्या खोलीत पक्वान्ने झोडत होते, हे गूपींना खटकल्याची आख्यायिका सांगतात. ‘लेकी बोले सुने लागे’ हा प्रकार म्हणजेच अन्योक्ती, त्यामुळे येथे तोच शब्द योग्य ठरेल. अर्थात, मुखवटा इतका पातळ आहे की कुणी ‘व्यंगचित्र’ म्हटले तरी मी वाद घालणार नाही.

इंग्रज चित्रकार विल्यम होगार्थ यांच्या १७४१ च्या चित्रात खिडकीतला व्हायोलिनवादक कानांवर हात ठेवून उभा आहे आणि खाली गाणी विकणारी बाई, गवळण, धार लावणारा व ढोलके बडवणारा पोर यांनी गल्ली डोक्यावर घेतली आहे. तेथे गल्ली ही गल्लीच आहे, दुसऱ्या कशाचे सोंग नाही, म्हणून ‘उपहासचित्र’ पुरे.

‘रूपकचित्र’ हा समास मात्र जोडूनच छापावा. संगीताच्या प्रदर्शनात ‘रूपक’ सुटे दिसले, तर जाणकार वाचक त्याच नावाच्या, समेवरच (पहिल्या मात्रेवरच) टाळीऐवजी ‘खाली’ असलेल्या तालाच्या सात मात्रा मोजू लागेल.