चतकोर, अर्धी, पाऊण

प्रिय सोनू,

काल फोनवर तू विचारलंस, "आजी वाढताना काहीच मोजत नाही, मग किती खायचं ते कळणार कसं? आपल्याकडे अमेरिकेत पाकिटावर सर्व्हिंग लिहिलेलं असतं."

आधी पाकिटाचं सांगते. अमेरिकेत त्यावर छापलेलं माप म्हणजे 'एवढंच खा' असा सल्ला नव्हे. लोक एका वेळी साधारण किती खातात ते पाहून तो आकडा ठरवायचा, असा इथला कायदा आहे. २०१६ साली नियम बदलले तेव्हा आइस्क्रीमचं सर्व्हिंग अर्ध्या कपावरून दोन तृतीयांश कप झालं, कारण लोक जास्त खाऊ लागले होते. तुला भूक किती आहे, हे त्या आकड्याला कुठून कळणार?

आता येळ्ळूरच्या आजीचं ताट नीट बघ. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर. ते तोंडी लावायचं, म्हणून थोडंच. उजवीकडे भाजी, आमटी. मध्ये भाताची मूद, वाटीत दाबून उपडी केलेली, त्यामुळे पहिला भात सगळ्यांना सारखाच येतो. भाकरीला तर मापं आहेतच. चतकोर, अर्धी, पाऊण. आजी भाकरी मोडते तेव्हा तिची नजर तुझ्या ताटात किती उरलंय त्यावर असते. "चतकोरच वाढ" म्हणायला लाजू नकोस.

मामाचा मुलगा, तुझा दादा, शाळेत जेवतो, तिथे मात्र मोजावंच लागतं. सरकारी शाळेच्या माध्यान्ह आहारात पाचवीपर्यंतच्या मुलामागे रोज १०० ग्रॅम धान्य आणि २० ग्रॅम डाळ धरतात. सहावी ते आठवीला १५० आणि ३०. हे वजन शिजवण्याआधीचं. एवढ्या पोरांचा स्वयंपाक अंदाजाने केला, तर शेवटच्या रांगेतल्या पोराच्या वाट्याला खरवड येईल. ते माप त्या पोरासाठी आहे आणि ते पाळलंच पाहिजे.

घरी मात्र आजी माणूस बघून वाढते. मामा शेतातून आला की त्याला न विचारता दुसरी भाकरी पडते. तिच्या आग्रहाचा राग मानू नकोस. आग्रह करणं तिचं काम, थांबवणं तुझं. डाव खाली यायच्या आधीच ताटावर आडवा हात धर आणि "पुरे आजी" म्हण. पानात पडलेलं टाकलेलं आपल्या घरात चालत नाही, म्हणून आधी कमी घे, लागलं तर मागून घे. तू मागून घेतलंस की आजीला फार बरं वाटतं.

आणि कुंदा, ती बेळगावकडची मिठाई, एका वेळी दोन चमचेच. दूध आटवून आटवून केलेला असतो, साखरही भरपूर. तिथे आजीचा आग्रह मोडलास तरी चालेल.

तुझी,
आई