दक्षिण अमेरिकेतल्या पॅराग्वेची ग्वारानी भाषा शिकलो तर बोलिव्हिया-ब्राझीलमधल्या ग्वारानी आदिवासींशी बोलता येईल का?

थोडंफार येईल, पण तुम्ही धरून चाललाय तितकं नाही. पॅराग्वेची ग्वारानी म्हणजे मूळ भाषा आणि बाकीच्या तिच्या बोली, असं तुमच्या प्रश्नात गृहीत धरलेलं दिसतं. मी स्पॅनिश शिकवते. ग्वारानी शिकायला लागले तेव्हा माझाही हाच समज होता. खरं तर या सगळ्या एकमेकींच्या बहिणी आहेत, कुणी जवळची, कुणी लांबची. (ब्राझीलच्या किनाऱ्यावरची तुपी याच घरातली. काजू आणि अननस हे शब्द पोर्तुगीजांनी तिच्याकडून उचलले आणि आपल्याकडे आणले.)

पॅराग्वेची बहीण तर सगळ्यांत वेगळ्या वाटेनं गेलेली. ती बोलणारे बहुतेक लोक आदिवासी नाहीतच. आदिवासींचं प्रमाण तिथे जेमतेम दोन टक्के आहे. घरात आईकडून आलेली ही भाषा सगळ्या देशाची झाली. एके काळी शाळेत ती बोलल्याबद्दल मुलांना शिक्षा व्हायची. 1992च्या राज्यघटनेनं तिला स्पॅनिशच्या बरोबरीनं राजभाषा केलं. रोजच्या बोलण्यात स्पॅनिश इतकं मिसळलेलं असतं की त्या बोलीला ‘जोपारा’, म्हणजे मिसळ, असंच नाव आहे. देशाच्या चलनाचं नाव ग्वारानी, पण दुकानात पैसे मोजतात ते स्पॅनिशमध्ये! शाळेच्या पुस्तकात सहाला ‘पोतेईं’ हा घडवलेला शब्द असतो (‘पो’ म्हणजे हात, अर्थात पाच, त्यात ‘पेतेईं’ म्हणजे एक), बाजारात तो क्वचितच ऐकू येतो.

म्ब्या ही बहीण पॅराग्वे, अर्जेंटिनाचा मिसिओनेस प्रांत आणि दक्षिण ब्राझील अशा तिन्ही देशांत पसरलेली आहे. कायोवा ब्राझीलच्या मातो ग्रोसो दो सुल राज्यात बोलतात. त्यांचेच भाऊबंद पॅराग्वेत पाई ताव्यतेरा म्हणून ओळखले जातात. बोलिव्हियातले ग्वारानी स्पॅनिश लोक येण्याआधीच पश्चिमेला गेलेल्यांचे वंशज. त्यांच्यात आवा, सिंबा आणि इसोसो अशा तीन बोली आहेत. त्यांतले इसोसोचे लोक बऱ्याच अंशी मूळचे चाने, म्हणजे आरावाक या वेगळ्याच कुळातली भाषा बोलणारे. त्यांनी ग्वारानी नंतर आपलीशी केली. बोलिव्हियात ‘एक’ला ‘मेतेई’ म्हणतात. नाकातले स्वर दाखवायला तिथे अक्षरावर दोन टिंबं देतात, पॅराग्वेत नागमोडी रेघ. त्यामुळे ओळखीचा शब्दही कागदावर अनोळखी वाटतो.

आता तुमच्या फायद्याची गोष्ट. ग्वारानीत ‘न्यांदे’ म्हणजे आपण आणि ‘ओरे’ म्हणजे आम्ही. स्पॅनिशमध्ये दोन्हींना एकच शब्द असल्यामुळे माझे स्पॅनिश भाषक मित्र इथे सतत अडखळतात. मराठी माणसाला काही समजवावंच लागत नाही. म्ब्या लोक आपसात देवाबद्दल बोलताना त्याला ‘न्यांदे रू’, आपला बाप, म्हणतात. पण ख्रिस्ती प्रार्थनेची सुरुवात ‘ओरे रू’ अशी आहे, कारण तिथे देवालाच हाक मारायची असते आणि तो ‘आपण’मध्ये बसत नाही. मराठी बायबलातही ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ असंच आहे, ‘आपल्या’ नाही. हे लक्षात आलं त्या दिवशी मी वही मिटून बराच वेळ नुसती बसून राहिले होते.

जिथे अडेल ते अनुनासिक. शब्दाच्या शेवटचा नाकातला स्वर मागे सरकत सरकत आरंभापर्यंत पोचतो: ‘न्यांदे रू’, पण ‘न्याने रेताँ’ (आपला देश). हे कानानंच शिकावं लागतं, म्हणून रेडिओ ऐका.

पॅराग्वेच्या राजधानीत, असुन्सिओनला जायचं असेल तर पॅराग्वेचं पुस्तक आणि जोपाराची सवय, दोन्ही हवं. कायोवा किंवा म्ब्या वस्तीत काम करायचं असेल तर जोपारातली, स्पॅनिशची ‘ला’ आणि ‘लो’ ही उपपदं चिकटलेली वाक्यं पाठ करू नका. त्यांच्याच शिक्षकांनी तयार केलेल्या वाचनमाला मिळतात का ते आधी बघा.