विषय नको, प्रश्न आण

तू लिहिलंस की बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहेस. चार महिन्यांपूर्वी रविवारचा जागतिक घडामोडींचा चर्चागट सुरू केलास, सोळा जण होते ते सातांवर आले, तीनच मुलं बोलतात आणि दहाव्या मिनिटाला गाडी आपल्याकडच्या राजकारणावर येते. मी नागपुरात धरमपेठेतल्या एका अभ्यासिकेत अकरा वर्षं असा गट चालवला. वयाने बरीच मोठी आहे, म्हणून अगं-तुगं करते.

तुझे मागचे विषय वाचले: 'रशिया-युक्रेन युद्ध', 'पश्चिम आशिया', 'चीनचं आव्हान'. मुलांना बोल लावू नकोस, घोळ या मथळ्यांत आहे. एवढ्या अवाढव्य विषयावर विशीतल्या पोराकडे मत सोडून दुसरं काय असणार? मग ज्याचा आवाज मोठा तो बोलतो, बाकीचे ऐकतात आणि पुढच्या रविवारी फिरकत नाहीत. विषयाऐवजी प्रश्न दे, आणि तो इतका लहान दे की तासाभरात त्याचा माग काढता येईल.

हे मला काटोलच्या एका मुलाने शिकवलं. २०२२ चा नोव्हेंबर, आंबिया बहाराची संत्री निघायचे दिवस. वर्षभर मागच्या बाकावर गप्प बसणारा तो मुलगा चर्चा सुरू व्हायच्या आधी शेजाऱ्याला सांगत होता, "बाबा म्हणून रायले, यंदा व्यापारी सौदाच करून नाही रायले. बांगलादेशात माल जाऊन नाही रायला." मी इजिप्तमधल्या हवामान परिषदेची तयारी करून गेले होते. ती बाजूला ठेवली आणि फळ्यावर लिहिलं: बांगलादेशाने फळांवरचं आयात शुल्क का वाढवलं?

सगळ्यांनी मोबाइल काढले. हाती लागलं ते असं. त्या वर्षी मे महिन्यात बांगलादेशाने फळं, फुलं, सौंदर्यप्रसाधनं, फर्निचर अशा वस्तूंवर जादा शुल्क लावलं होतं, कारण डॉलर वाचवायचे होते. डॉलर का आटले? फेब्रुवारीत युक्रेनवर हल्ला झाला, तेल-वायू आणि धान्य महागलं, आणि बांगलादेश इंधन बाहेरून विकत घेतो. जुलैत त्याने आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडे कर्ज मागितलं होतं (पुढे जानेवारी २०२३ मध्ये ४.७ अब्ज डॉलर मंजूर झाले). म्हणजे काळ्या समुद्राकाठच्या युद्धाची झळ काटोलच्या बागेपर्यंत पोचली होती, आणि मुलांनी तो धागा स्वतः हाताने उलगडला होता. तो गप्प मुलगा त्या दिवशी वीस मिनिटं बोलला: माल कसा निवडतात, क्रेट कसे भरतात, पेट्रापोल-बेनापोलला बांगलादेशाच्या सीमेवर ट्रक अडला की फळाचं काय होतं. त्याला कोणी मध्ये तोडलं नाही, कारण ते दुसऱ्या कुणालाच माहीत नव्हतं. निघताना एका मुलीने विचारलं, "नाणेनिधी फुकट पैसे देतो का? बदल्यात काय मागतो?" पुढच्या रविवारचा प्रश्न तयार झाला.

आता माझी चूक सांगते, कारण ती तूही करत असशील असं तुझ्या लिहिण्यावरून वाटतं. २ मार्च २०२२ ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत रशियाने युक्रेनमधून सैन्य मागे घ्यावं या ठरावाला १४१ देशांनी पाठिंबा दिला, ५ विरोधात गेले, ३५ तटस्थ राहिले. तटस्थांत भारत होता. ६ तारखेच्या रविवारी मी सुरुवातीलाच भारताने योग्य केलं असं सांगून टाकलं. पुढचा तासभर सगळ्यांनी माझ्याच म्हणण्याला कारणं शोधून दिली. चर्चा संपल्यावर एक मुलगी थांबली. तिचा मावसभाऊ खारकीव्हला एमबीबीएस करत होता आणि त्या आठवड्यात सीमेकडे निघाला होता. तिथे अडकलेल्या हजारो भारतीय विद्यार्थ्यांचा आणि भारताच्या तटस्थ राहण्याचा काही संबंध होता का, हे विचारायचं तिच्या मनात होतं. "पण तुम्ही आधीच उत्तर दिलं होतं," म्हणाली. खोलीतल्या सगळ्यांपेक्षा जास्त जिला ठाऊक होतं, तिला मीच गप्प केलं. त्यानंतर गट चालवणाऱ्याने स्वतःचं मत शेवटच्या पाच मिनिटांपर्यंत राखून ठेवायचं, आणि कुणी विचारलं तरच द्यायचं, असा नियम मी स्वतःला घातला.

फळ्याचे दोन भाग कर: 'झालं काय' आणि 'कोण काय म्हणतं'. कुणी काही सांगितलं की ते कुठल्या बाजूला लिहायचं, हे गटाने ठरवायचं. निम्मी भांडणं तिथेच मिटतात. तिसऱ्यांदा बोलायचं तर आधी प्रत्येकाची एक पाळी झालेली हवी. त्या तीन मुलांना वाईट वाटेल, पण थोडे दिवस. देशी राजकारण निघालं की दटावू नकोस. फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेव आणि महिन्यातला एक रविवार त्यालाच दे. आपलं ऐकलं जाणार आहे एवढी खात्री पटली की पोरं थांबतात.

आणि बाजू बदलायला लाव. अमेरिकेने ऑगस्ट २०२५ मध्ये भारतीय मालावरचं शुल्क ५० टक्क्यांवर नेलं, त्याच महिन्यात आपल्या सरकारने कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क आधी सप्टेंबरअखेर आणि मग डिसेंबरअखेरपर्यंत काढून टाकलं. गटात हिंगणघाट-यवतमाळकडची शेतकऱ्यांची मुलं असतील तर त्यांना सूतगिरणीची आणि कापड निर्यातदाराची बाजू मांडायला सांग, आणि शहरातल्या मुलांना कापूस उत्पादकाची. शेतकऱ्याच्या मुलाला हे जड जातं, कारण बाहेरचा कापूस स्वस्तात आला की आपला भाव पडेल, ही घरात चिंता असते. म्हणून त्याला शेवटी स्वतःच्या बाजूने बोलायला वेळ ठेव, तो चुकवू नकोस.

येत्या रविवारी उरलेल्या सातांनाच घेऊन बस. बर्डीच्या बाजारातून जगाचा मोठा नकाशा आण आणि भिंतीला लाव. प्रत्येकाला आधीच कळव की घरात, दुकानात किंवा शेतात यंदा महागलेली, स्वस्त झालेली किंवा मिळेनाशी झालेली एक वस्तू ठरवून ये. त्यातली एक निवडा आणि ती कुठून येते तिथे टाचणी टोचा. काय निघालं ते इथे लिही, मी वाट पाहते.